मराठी कान आणि बिनशब्दांचा ताल

एक मत आपल्याकडे इतकं रुळलं आहे की ते नुसतं मत आहे, याचा विसर पडावा. मराठी माणूस शब्द ऐकतो, सूर आणि ताल हे त्याच्या लेखी शब्दांच्या पालखीचे भोई. म्हणून संगमनेरला, श्रीरामपूरला किंवा पाथर्डीला एखादा तरुण स्वतः रॅप न करता नुसते बीट बनवत असेल, दोन-तीन मिनिटांच्या बिनशब्दांच्या रचना स्वतःच्या नावावर सोडत असेल, तर घरचे, मित्र आणि जाणकार असे तिघंही त्याला एकच विचारतात: "छान आहे, पण गाणं कुठंय?"

हिप-हॉपमधला बोलणारा बाजूला काढला की जे उरतं त्याच्याबद्दल आपण बोलतो आहोत. ड्रम आणि बेसचा ठेका, जुन्या ध्वनिमुद्रणातून कापून घेतलेला एखादा तुकडा, त्याची आवर्तनं, आणि या सगळ्यांत हळूहळू होत जाणारे बदल. जगात या प्रकाराला चाळीसेक वर्षांची परंपरा आहे. ती आपल्याकडे रुजणार नाही, कारण आपला कान वेगळा, असं हे मत सांगतं.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला काही अर्थ उरत नाही. तेव्हा तो पुऱ्या बळानिशी मांडू. अहिल्यानगर हा शब्दांचाच जिल्हा आहे. नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादच्या महिपतींनी संतांची चरित्रं ओवीत बांधली. आज कीर्तनात 'सगळ्यांना ठाऊकच आहे' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी कथा त्यांच्याच ग्रंथांतून आलेल्या असतात. उत्तर पेशवाईतले शाहीर अनंत फंदी संगमनेरचे. कैदेत असताना नेहरूंनी ग्रंथ लिहिला तोही नगरच्या किल्ल्यात. जिल्ह्याबाहेर पाहिलं तर विसाव्या शतकात मराठी घराघरांत शिरलं ते भावगीत, आणि १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं गीतरामायण. यशवंत देवांनी तर आपल्या पुस्तकाला नावच दिलं 'शब्दप्रधान गायकी'. आजचं मराठी रॅपही शब्दांवरच उभं आहे. मुंबईच्या 'स्वदेशी' या रॅप-गटातला मावळी असो की अमरावतीचा हंड्रेड आरबीएच, लोक त्यांना ऐकतात ते काय बोलतात यासाठी. एप्रिल २०२३ मध्ये राज्यात रॅपरांवर गुन्हे दाखल झाले तेही शब्दांपायी. बीटवर गुन्हा दाखल झाल्याचं ऐकिवात नाही.

यावरून निष्कर्ष काढला जातो तो असा: कान शब्दाचा, म्हणून बाजार शब्दाचा, म्हणून बिनशब्दवाल्याला या धंद्यात भवितव्य नाही. तीन पायऱ्या आहेत. पहिली कुजकी आहे, दुसरी अर्धवट खरी आहे. तिसरी खरी असली तरी तिचं कारण भलतंच आहे.

पहिल्या पायरीपासून सुरुवात करू. तमाशाचा फड लागतो तेव्हा पहिली गोष्ट कोणती होते? गण नाही, गवळण नाही, बतावणी तर नाहीच. आधी ढोलकी आणि हलगीची सलामी होते. दोघं वादक समोरासमोर येतात, एक तुकडा टाकतो, दुसरा तो उचलून पलटवतो, लय चढत जाते आणि तंबूबाहेर पान खात उभी असलेली माणसं आत येऊ लागतात. त्या वेळात एकही शब्द उच्चारलेला नसतो. फडमालकाला पक्कं ठाऊक असतं की माणूस आत ओढायचा तर ताल लागतो, त्याला बसवून ठेवायला शब्द नंतर. पवळा हिवरगावकर ज्या संगमनेर तालुक्यातून तमाशाच्या रंगमंचावर आल्या, त्या तालुक्यातल्या प्रेक्षकाला हे वेगळं सांगायची गरज नाही.

गोंधळाचं संबळ, मिरवणुकीतला ढोल, कुस्तीच्या फडात पैलवान आखाड्यात उतरताना कडाडणारी हलगी, पोतराजाच्या फटक्यांना साथ देणारा ताल, यांतल्या कशालाही शब्द नसतात. लग्नातला ब्रास बँड सिनेमाची गाणी वाजवतो ती शब्द गाळून, क्लॅरिनेटवर आणि ट्रम्पेटवर. शब्द आठवत असतात म्हणून लोक नाचतात, असं कोणी म्हणेल. अर्धं खरं आहे. पण वरातीत जी सर्वात बेभान पाच मिनिटं असतात ती बँडवाले चाल सोडून नुसता ठेका धरतात तेव्हाची, हे वरातीत नाचलेला कोणीही सांगेल. २०१६ च्या 'सैराट'मधलं 'झिंगाट' सुरू होताना लोक जागेवरून उठतात ते पहिला शब्द यायच्या आधी.

आता हलगी जरा जवळून पाहू, कारण वादाचा बराचसा निकाल तिथेच लागतो. वाजवण्याआधी ती शेकोटीवर शेकतात. कातडं ताणलं की आवाज उघडतो. डाव्या हाताने कडा धरलेली असते आणि त्याच बोटांत बारीक लवचिक काडी. उजव्या हातात आखूड, जाड टिपरू. टिपरू मध्यावर पडलं की भरीव ठोका, कडेकडे सरकलं की कोरडा. काडी मधल्या जागा भरत कडकडत राहते. असा ठेका मोबाईलवर जरी मुद्रित केला आणि एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये आणून ठेवला, की पडद्यावर त्याच्या लाटा दिसतात आणि मागे सॉफ्टवेअरने आखलेल्या समान अंतराच्या उभ्या रेघा. प्रत्येक आवर्तनाचे सोळा सारखे भाग. ठोके त्या रेघांवर बसतच नाहीत. एक किंचित आधी, एक किंचित मागे, आणि हे मागेपुढे होणं चूक म्हणावी तर दर आवर्तनात तसंच येतं.

नवशिका बीटमेकर इथे एक बटण दाबतो. त्याला क्वांटाइझ म्हणतात. सगळे ठोके रेघांवर सरळ बसतात आणि हलगी मरते. आवाज तोच, लचक गेलेली. थोडा मुरलेला माणूस उलटं करतो. हलगीला हात लावत नाही, आपला किक आणि हाय-हॅट तिच्या मागेपुढे सरकवतो आणि रेघा हलगीच्या हिशेबाने वाकवतो. डेट्रॉइटच्या जे डिला या निर्मात्याचं नाव जगभर घेतलं जातं ते नेमकं यासाठी: एमपीसी नावाच्या यंत्रावर ठोके सरळ न करता हाताने पडले तसे ठेवण्यासाठी. 'डोनट्स' ही त्याची बिनशब्दांची तबकडी फेब्रुवारी २००६ मध्ये आली आणि तीन दिवसांनी तो गेला. त्या वाकड्या ठेक्यांवर आज विद्यापीठांत अभ्यास होतो. पाथर्डीच्या यात्रेतला हलगीवाला जे रोज करतो तेच ते, असं मी म्हणणार नाही, तो भाबडेपणा होईल. पण ज्या कानाला हलगीची लचक गेलेली कळते त्या कानाला डिला कळायला अडचण नाही, एवढं निश्चित म्हणेन. आणि तो कान या जिल्ह्यात घाऊक आहे.

शिवाय हिप-हॉप म्हणजे रॅप, हेच मुळात इतिहासाला सोडून आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीच्या सभागृहात, सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली आणि तिचा भाऊ कूल हर्क तबकड्या वाजवायला बसला. त्याच्या लक्षात आलं होतं की लोक सर्वात जोरात नाचतात ते गाणारा थांबतो आणि नुसते ड्रम उरतात त्या काही सेकंदांत. म्हणून त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती घेऊन तो तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायला सुरुवात केली. बोलणारे होते ते लोकांना हाळी द्यायला. रॅपची पहिली मोठी गाजलेली तबकडी आली १९७९ मध्ये. वरातीतला ठेका आणि ब्राँक्समधला तो तुकडा, दोन्हीकडे निरीक्षण एकच आहे.

मग शब्दप्रधान गायकीचं काय? तर यशवंत देव जे सांगत होते ते भावगीताबद्दल होतं. कवीच्या शब्दाला चालीने आणि गळ्याने धक्का लावू नये, हा गायकीचा विवेक होता, आणि त्या क्षेत्रात तो बिनतोड आहे. आपण तो उचलला आणि 'मराठी कान' नावाच्या एका सरसकट वस्तूवर चिकटवला. एका प्रकाराची शिस्त साऱ्या समाजाचं लक्षण ठरली. यात आणखी एक गोम आहे. भावगीत ऐकणारा वर्ग लिहिणारा होता. त्याने आपल्या कानाचं वर्णन केलं आणि तेच महाराष्ट्राचं म्हणून छापून आलं. हलगी ऐकणाऱ्याने आपल्या कानाबद्दल कधी लेख लिहिला नाही.

जाता जाता एक गंमत. शब्दांच्या याच जिल्ह्यात, नगरजवळ अरणगावच्या मेहेराबादला, एका गुरूने धरलेलं मौन सुमारे ४४ वर्षं टिकलं. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला बोलणं थांबवलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत ते पुन्हा बोलले नाहीत. इंग्लंडच्या 'द हू' या बँडचा पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. या बँडच्या १९७१ च्या 'बाबा ओरायली' या गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे आपले नगरचे मेहेरबाबा, आणि ओरायली हे आवर्तनांवर संगीत उभं करणाऱ्या टेरी रायली या अमेरिकन संगीतकारावरून. गाणं सुरू होतं ते इलेक्ट्रॉनिक ऑर्गनच्या फिरत राहणाऱ्या आकृतीने, आणि गाणारा बऱ्याच वेळाने येतो. जगभरच्या स्टेडियममध्ये लोक ओळखतात ती ही आकृती. यातून माझ्या बाजूने काही सिद्ध होतं असं नाही, पण 'बिनशब्दांचं आणि नगरचं नातं काय' असं कोणी विचारलं तर सांगायला बरं.

तर कान आहे. ताल ऐकणारा, त्यावर पैसे उधळणारा माणूस गावोगाव आहे. तरी बीट बनवून जगणारा जिल्ह्यात सहसा सापडत नाही, हे वास्तव मी नाकारत नाही. तिसरी पायरी खरी आहे म्हणालो ती याच अर्थाने. कारण मात्र श्रोत्याच्या कानात सापडत नाही. ते नावात आणि हिशेबात आहे.

शाहिराला एक सोय होती. तो शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव ओवून टाकत असे. संतकवींची नाममुद्रा, शाहिरांची छाप, महिपतींची सही, सगळं रचनेच्या आतच. कवन तोंडोतोंडी शंभर कोस गेलं तरी नाव त्याबरोबर जाई, कारण नाव काढायचं तर वृत्त मोडतं. म्हणून अडीचशे वर्षांनी आपल्याला अनंत फंदी ठाऊक आहेत. त्यांच्या मागे ढोलकी कोण वाजवत होतं, हे ठाऊक नाही. ठेक्यात नाव ओवता येत नाही. आजच्या बीटमेकरने यावर काढलेला तोडगा म्हणजे 'टॅग': बीटच्या सुरुवातीला एक मुद्रित आवाज त्याचं नाव उच्चारतो. लोकांना तो आगाऊपणा वाटतो. मला तो शाहिराच्या छापेचाच वारस वाटतो. फरक इतकाच की टॅग कापून टाकता येतो आणि काहीही मोडत नाही. कापलाही जातो.

वाजवणाऱ्याच्या अनामिकतेला आपल्याकडे आणखी एक कडू पदर आहे, त्याला वळसा घालून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. हलगी, डफ, सनई ही वाद्यं गावगाड्यात ठरावीक जातींच्या माथी मारलेली कामं होती. वाजवणारा कलावंत म्हणून ठरवून आणला जात नसे, त्याला हक्काने बोलावलं जाई. मोबदला मूठ-पसा धान्य, एखादा जुना कपडा, कोणाच्या अंगावरून ओवाळून टाकलेली नोट. त्याचं नाव विचारायची रीत नव्हती, जात विचारायची होती. म्हणूनच आंबेडकरी चळवळीनंतर अनेक घरांनी वाद्य ठरवून खाली ठेवलं, आणि तो स्वाभिमानाचा निर्णय होता. परंतु ज्या समाजाने शतकानुशतकं ताल फुकटात आणि बिननावाने घेतला, त्याला बीटचे पैसे मागणारा मुलगा विचित्र वाटतो, यात नवल काय? 'वाजवायचे कसले पैसे' हा प्रश्न लॅपटॉप येण्याच्या फार आधीचा आहे.

कायद्यानेही बराच काळ हीच दृष्टी ठेवली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'संगीतकृती' म्हणजे काय, तर धून आणि स्वरसंवाद यांचा किंवा त्यांपैकी एकाचा मेळ, आणि तोही छापलेला, लिहिलेला किंवा आकृतीच्या रूपात उतरवलेला. हलगीचा ठेका यात कुठे बसतो? धून नाही, स्वरसंवाद नाही, कागदावर तर नाहीच. १९९४ च्या दुरुस्तीने ही व्याख्या बदलली. आता संगीतकृती म्हणजे संगीत असलेली कृती, लेखन असो वा नसो, आणि गाण्यासाठीचे शब्द त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेले. म्हणजे 'गाणं कुठंय' या प्रश्नाला भारतीय कायद्याने तीस वर्षांपूर्वीच उत्तर दिलं आहे: शब्दांवाचूनची रचना ही पूर्ण रचना आहे. इतकंच नव्हे, घरच्या खोलीत एकट्याने बीट बनवणारा माणूस कायद्याने दुहेरी मालक ठरतो. रचना त्याची, म्हणून संगीतकार तो. ध्वनिमुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी त्याची, म्हणून त्या मुद्रणाचा निर्माताही तोच. सिनेमासाठी काम करणाऱ्या नामवंत संगीतकाराकडेही सहसा इतके हक्क नसतात.

पण त्याच १९९४ च्या दुरुस्तीने दुसऱ्या हाताने एक गोष्ट काढून घेतली. कलम ५२(१)(झेडए) प्रमाणे धार्मिक समारंभात संगीत वाजवलं तर तो हक्कभंग होत नाही, आणि स्पष्टीकरणात लिहिलं आहे की लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सामाजिक कार्यक्रम हे धार्मिक समारंभातच धरावेत. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या संबंधित विभागाने जाहीर सूचना काढून हे पुन्हा बजावलं. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये तशाच आशयाचं परिपत्रक काढलं, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं, कारण कायद्यातली सवलत परिपत्रकाने रुंद करता येत नाही. सवलत मात्र कायद्यात जशी होती तशी आहे. गरीबाच्या मांडवात वसुलीवाले शिरू नयेत हा हेतू चांगलाच, त्याला माझा विरोध नाही. फक्त परिणाम पाहा. ग्रामीण महाराष्ट्रात बिनशब्दांच्या तालाचं सर्वात मोठं व्यासपीठ कोणतं? वरात. आणि कायद्याने स्वामित्वधन माफ केलेलं व्यासपीठ कोणतं? वरात.

लग्नाच्या सुपारीचा हिशेब मांडून बघा. सिस्टीमचं भाडं, टॉप किती आणि बेस किती, जनरेटरचं डिझेल, आयशरचं भाडं, लाइटवाला, ऑपरेटर, उचलायला चार पोरं. प्रत्येक ओळीपुढे आकडा असतो, त्यावर घासाघीस होते, उचल दिली जाते. जे ऐकायला हा सारा खटाटोप, तो ट्रॅक पेन ड्राइव्हवर फुकट आलेला असतो. त्याची ओळच हिशेबात नसते. यजमान कंजूष म्हणून हे घडत नाही, एका रात्रीत तो भरपूर घालवतो. पण पैसा प्रसंगावर खर्च होतो, कृतीवर होत नाही. दुसरी पायरी अर्धवट खरी म्हणालो ती याच अर्थाने: तालालाही बाजार आहे, पण तो पैसा ताल रचणाऱ्यापर्यंत पोचत नाही. (दहानंतरचा दणदणाट आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या छातीतली धडधड यांचं समर्थन मी करत नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, ती पाळली जावी. वादाचा मुद्दा आवाजाच्या पातळीचा नाही.)

या हिशेबात माणूस कसा अडकतो त्याचं उदाहरण मुंबईतच आहे. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची त्या काळी नवीकोरी ताल-यंत्रं आणि सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. सगळं बिनशब्दांचं. एचएमव्हीने तबकडी काढली, ती कोणी फारशी घेतली नाही. सिंग लग्नसमारंभांत वाजवून चरितार्थ चालवत राहिले. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रकाशित केली तेव्हा जगाला कळलं की पुढे शिकागोत ज्या प्रकारचं नृत्यसंगीत जन्माला आलं, त्याच्या खूप जवळचं काहीतरी मुंबईत आधीच घडून गेलं होतं. सत्तरीतल्या सिंग यांना युरोपातून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते वारले. मधली अठ्ठावीस वर्षं त्यांचे ठेके ऐकायला माणसं नव्हती का? होती, मांडवात होती. फक्त तिथे ते 'पार्टीवाले' होते.

उलट उदाहरण दत्ताराम वाडकरांचं. शंकर-जयकिशनचे साहाय्यक, मूळ गोव्याचे. ढोलकवर त्यांनी बसवलेला एक ठेका इतका गाजला की वादक आजही त्याला 'दत्ताराम ठेका' म्हणतात. ठेक्याला माणसाचं नाव लागू शकतं, हे त्यावरून सिद्ध आहे. पण ते लावलं कोणी? सोबतच्या वादकांनी. तबकडीच्या वेष्टनावर ते नव्हतं. दत्तारामांना लोकांनी ओळखलं ते पुढे 'परवरिश'सारख्या चित्रपटांचे संगीतकार म्हणून, गाणी केली तेव्हा.

म्हणून स्वतंत्र बिनशब्द निर्मात्याची कारकीर्द जिथे उभी राहिली तिथे काय वेगळं होतं, ते पाहायला हवं. टोकियोचा जून सेबा, नुजाबेस या नावाने ओळखला जाणारा, तबकड्यांचं दुकान चालवायचा. पुढे त्याने स्वतःची हाइडआउट ही कंपनी काढली आणि आपलं संगीत तिच्यातूनच आणलं. २०१० मध्ये ३६ व्या वर्षी अपघातात तो गेला. आज जगभर अभ्यास करताना पोरं जे मंद, शब्दहीन बीट लावून बसतात त्याच्या मूळपुरुषांत त्याची गणना होते. जपानी कान ब्राँक्समध्ये घडला होता असं कोणी म्हणणार नाही. तिथे दुकान होतं, तबकडी विकत घेणारा होता आणि तबकडीवर नाव होतं.

दुसरा दाखला पुर्मेरेंडचा. हे नेदरलँड्समधलं लहान शहर, आपल्या श्रीरामपूर-संगमनेरच्या पंक्तीतलं. तिथल्या यंगकिओ नावाच्या पोराने 'नाइन इंच नेल्स' या बँडच्या एका बिनशब्दांच्या तुकड्यावर बीट बनवून बाजारात ठेवला. अमेरिकेतल्या एका अनोळखी मुलाने तो तीस डॉलरला घेतला. त्यातून झालेलं 'ओल्ड टाउन रोड' २०१९ मध्ये १९ आठवडे अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. सगळे ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगतात. मला त्यात लक्षणीय वाटतो तो कागद. तीस डॉलरच्या व्यवहारालाही परवान्याची अट होती, म्हणून गाणं मोठं झालं तेव्हा यंगकिओचं नाव श्रेयात लागलं. मूळ तुकड्याच्या दोन्ही संगीतकारांचंही लागलं.

इथे दुसरा एक पक्ष उठतो आणि म्हणतो, मग झालंच की, इंटरनेटने गाव आणि जग एक केलं, आता तक्रार कसली? हा पक्ष पहिल्यापेक्षाही ढिला आहे. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की वर्षभरात किमान हजार वेळा ऐकली न गेलेली रचना मुद्रणाच्या मोबदल्यात धरलीच जाणार नाही. ज्याच्या रचना चार-पाचशे कान ऐकतात त्याच्यासाठी गाव आणि जग खरंच एक झालं आहे: दोन्हीकडे शून्य. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडच्या 'गुलाबी साडी'बरोबर जी-स्पार्क या निर्मात्याचं नाव लागलं, 'तांबडी चामडी'वर क्रेटेक्स या निर्मात्याचं नाव श्रेयस सागवेकरच्या बरोबरीने आलं आणि ती २०२४ मध्ये स्पिनिन या डच कंपनीने काढली. हे चांगलंच झालं. पण दोन्ही ठिकाणी नाव लागलं ते गाणाऱ्याशी बरोबरीचा सौदा झाल्यामुळे. इंटरनेट नाव वाहून नेतं. मुळात न लावलेलं नाव ते शोधून काढत नाही.

राहिला 'कॉपी-पेस्ट'चा आरोप: दुसऱ्याचे तुकडे जोडणारा संगीतकार कसला? डीजे शॅडोने १९९६ मध्ये जवळजवळ संपूर्ण तबकडी जुन्या तबकड्यांच्या तुकड्यांतून उभी केली, ती ऐकून कोणी हा आरोप फार काळ धरून ठेवू शकत नाही. तुकडा निवडणं, कापणं, कोणत्या अंतरावर फिरवायचा ते ठरवणं, यात रचना आहे. आरोपात तथ्य आहे ते दुसरीकडे. २००२ मध्ये अमेरिकेत 'अ‍ॅडिक्टिव्ह' हे गाणं गाजलं ते लताबाईंच्या 'थोडा रेशम लगता है'च्या तुकड्यावर. तिथल्या श्रोत्याला त्यातला एक शब्द कळत नव्हता. शब्दांसाठी जिची आपण पूजा केली ती वाणी तिथे निव्वळ नाद म्हणून कामाला आली, आणि तरी तिने ऐकणाऱ्याला धरून ठेवलं. प्रकरण कोर्टात गेलं. मूळ गाण्याचे संगीतकार बप्पी लाहिरी यांना श्रेय दिल्याशिवाय तबकडी विकायची नाही, असा आदेश न्यायालयाने २००३ मध्ये दिला. त्या आदेशाचा रोख कापण्यावर नव्हता, बिननावाने कापण्यावर होता.

आणि या बाबतीत आपले बीटमेकर धुतल्या तांदळासारखे नाहीत. लोकगीतांच्या जुन्या कॅसेटींवर बेस चढवून 'रिमिक्स' म्हणून सोडणाऱ्यांची वकिली मला करायची नाही, ते काम बहुतेक वेळा आळशी असतं. पण चांगलं, स्वतःचं काम करणारेही हलगीचे आणि संबळाचे लूप, म्हणजे फिरवत ठेवायचे मुद्रित तुकडे, वापरतात ते कुठून येतात? व्हॉट्सअ‍ॅप-टेलिग्रामवर फिरणाऱ्या फोल्डरांतून. फाइलींची नावं 'हलगी १', 'हलगी २', 'संबळ जोरात'. वाजवलं कोणी, कुठल्या यात्रेत, याचा मागमूस नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे वादकाला आपल्या सादरीकरणावर पन्नास वर्षं हक्क आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून व्यापारी वापराच्या मोबदल्यात वाटाही आहे. हलगीवाल्याला हे कोणी सांगितलेलं नाही, आणि त्याचा लूप वापरणाऱ्यालाही ते कळून घ्यायची घाई नाही.

विचारलं तर उत्तर तयार असतं: हलगी लोकांची आहे, तिचा मालक कोण? ठेका लोकांचा, हे मान्य. पण त्या दिवशी त्या कातड्यावर पडलेला हात एका माणसाचा होता, आणि कलम ३८ त्या हाताबद्दल बोलतं. पेन ड्राइव्हवर आलेलं सगळ्यांचंच असतं, असं म्हणून वरातीचा ऑपरेटर बीटमेकरला वाटेला लावतो तेव्हा त्याला संताप येतो. हलगीवाल्यापुढे तो स्वतः हीच सबब पुढे करतो.